हवा पुरेनाशी झाली की

नुरझातने नळी काचेच्या कपाटातल्या दिव्यासमोर तिरपी धरली आणि डोळे बारीक करून पाहिलं. परवापर्यंत आतलं पाणी नीळ कालवल्यासारखं गडद होतं. आज निळा रंग पार उतरला होता. उरला होता तो ताकाच्या निवळीसारखा फिकट गढूळपणा. झाकण घट्ट होतं, वरून मेण लावलेलं. म्हणजे आतली हवा संपली होती, आणि हवा संपली म्हणजे आतले क्षयाचे जंतू झोपी गेले होते.

तिची सगळी नोकरी ह्या झोपेवर चालली होती. ह्या जंतूपाशी दोन राखणदार असतात. प्राणवायू कमी पडू लागला की ते वर्दी देतात, आणि आतला एक मुकादम सगळी कामं बदलून टाकतो. वाढायचं थांबवा, साठवलेल्या चरबीवर गुजराण करा, आणि एरवी गप्प बसणारी ती पन्नासेक जनुकं आता चालू करा. मग तो जंतू धड जगत नाही, मरतही नाही. औषध त्याच्या अंगावरून नुसतं वाहून जातं, कारण औषध बाधतं ते काम करणाऱ्याला. माणसाच्या फुप्फुसातल्या एखाद्या गाठीत, कोंडलेल्या जागेत, तो असा अर्धं आयुष्य काढू शकतो. नुरझातला तो मुकादम निकामी करायचा होता. ज्याला झोपता येत नाही तो हवा संपली की मरतो, एवढं तिने नळीत दाखवलं होतं. माणसात दाखवायचं बाकी होतं.

"तुझे झोपले?"

काचेच्या पलीकडे दारात रायसा फ्योदोरोव्ना उभी होती. बिश्केकच्या ह्या प्रयोगशाळेतली ती सर्वांत जुनी बाई. कुठला जंतू कुठल्या जंतूचा भाऊबंद, हे जनुकं ताडून सांगायचं काम तिचं. आली की ती आधी स्टूल ओढायची, सुजलेल्या पायांना दोन शिव्या द्यायची आणि मग बोलायची. आज ती उभीच राहिली.

"झोपले," नुरझात म्हणाली.

"मग हातमोजे काढ आणि बाहेर ये."

बाहेर बोळात दोघी खिडकीपाशी थांबल्या. खाली अंगणात कुणीतरी रबरी नळीने झाडांना पाणी घालत होतं.

"दोन्ही एकच आहेत," रायसा म्हणाली.

"कुठली दोन्ही?"

"नुरझात."

"कुठली ते सांगा ना."

"तुमारचे आणि तुझ्या आपाचे. सख्ख्या भावांपेक्षा जवळचे. मॉस्कोकडे जे सापडतात त्यांच्याशी ह्यांचं काही नातं नाही. हा जुना वाण आहे, आपल्या नारीनकडचा, हल्ली फारसा दिसतही नाही. सगळ्या जनुकांत मिळून एका अक्षराचा फरक आहे, तोही पोरीच्या बाजूने. म्हणजे गेला तो आजीकडून नातीकडे."

नुरझातने खिडकीच्या चौकटीवरचा उडालेला रंग नखाने खरवडायला घेतला.

"चूक असेल."

"परत परत लावून पाहिलं गं. चूक असती तर एवढे जिने चढून आले असते का मी?"

तुमार ही नुरझातच्या धाकट्या भावाची, तालांतची मुलगी. नारीनकडच्या आत-बाशी गावातल्या घरात ती आजीच्या अंगाखांद्यावर वाढली, कारण ती दीड वर्षाची असताना तिची आई जिबेक मॉस्कोला गेली होती. गावातल्या निम्म्या सुना तिकडेच असतात, कुणी भांडी घासते, कुणी फरश्या पुसते. जिबेक गेल्या शरद ऋतूत परत आली ती मुलीसाठी गुलाबी बूट घेऊन. बूट दोन बोटं मोठे झाले. पुढच्या हिवाळ्यात होतील, म्हणून तिने ते गादीखाली ठेवून दिले. वर्ष सरता सरता तुमार किरकिर करायला लागली, मग ताप, मग एक डोळा तिरळा दिसू लागला. क्षय मेंदूच्या आवरणात पोचला होता. फेब्रुवारीत ती गेली. तीन वर्षं आणि काही महिन्यांची होती.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळं गणगोत जमलं होतं. पिठाचे गोळे, बोरसोक, तळून झाले होते, मांस वाढून झालं होतं, आणि मग कुणीतरी मॉस्कोचं नाव काढलं. एका खोलीत बारा बारा बाया निजतात म्हणे. कोण कुठली, कोण खोकतंय, कोण काय. जिबेक दाराजवळ चहा ओतत होती. नुरझात म्हणाली होती, "तिच्या छातीचा फोटो स्वच्छ आहे. तपासल्याशिवाय कुणी काही बोलू नका." त्यावर एक म्हातारी आत्या म्हणाली होती, "तू तपासत बस बाई, आम्हाला देवाने डोळे दिलेत."

पण खरा घाव घातला तो आपानेच. आपा, म्हणजे बुर्माकान, नुरझात आणि तालांतची आई. सगळा जन्म मेंढरांमागे डोंगरात काढलेली, गावभर जिच्या जिभेला लोक टरकून असत अशी बाई. ती त्या दिवशी हळू आवाजात बोलली, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझं लेकरू खाल्लंस तू. आता माझा चहा ओतू नकोस."

जिबेकने चहाची किटली खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ती एक पिशवी घेऊन निघाली तेव्हा तालांत फाटकाचा अडसर हातात धरून उभा होता. अडसर घालावा की काढावा, हे न कळल्यासारखा.

आणि मे महिन्यात आपाने तोंड धुताना तस्तात रक्त थुंकलं.

तालांत तिला आपल्या गाडीतून बिश्केकला घेऊन आला. फोटोत उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला एक जुना, चुन्यासारखा पांढरा डाग होता आणि त्याच्या भोवती नवी भोकं. डॉक्टरांनी फार खोदून विचारलं तेव्हा आपा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, की एकोणिसाव्या वर्षी, लग्नाआधी, ती एक उन्हाळाभर डोंगरातल्या आरोग्यधामात होती. घोडीचं आंबवलेलं दूध पाजायचे आणि उन्हात निजवायचे. बरी झाली म्हणून घरी धाडलं. ही गोष्ट सासरी कुणाला सांगितली नव्हती. "तुमचा बाप मेला, त्यालासुद्धा ठाऊक नव्हतं," ती म्हणाली, आणि त्यात तिला किंचित अभिमान वाटल्यासारखं दिसलं.

औषधं लागू पडली. खोकला कमी झाला, थुंकीतले जंतू दिसेनासे झाले. पण रक्तात साखर निघाली आणि अंगात ताकद नव्हती, म्हणून शहराबाहेरच्या त्या इस्पितळात अजून ठेवून घेतलं होतं. नुरझातने आपाच्या थुंकीतला जंतू रायसाकडे दिला होता आणि फेब्रुवारीपासून गोठवून ठेवलेला तुमारचाही. का दिला, ते रायसाने विचारलं नव्हतं.

त्या दुपारी नुरझात इस्पितळात गेली तेव्हा आपा खाटेवर मांडी घालून बसली होती आणि शेजारच्या रिकाम्या खाटेची चादर स्वतःच ताणून सरळ करत होती.

"आलीस? तोंड का असं? कुणी मेलं का?"

"शोरपो आणलाय. गरम आहे, पी."

"तूच केलास?"

"मीच."

"मग आधी तू पी."

नुरझात हसली, झाकण काढून रस्सा वाडग्यात ओतू लागली. आपा तिच्या हातांकडे बघत होती.

"लोकांच्या पोरी मेंढ्या पाळतात, माझी जंतू पाळते," ती म्हणाली. "गावात मला विचारतात, तुझी डॉक्टरीण औषध देते का? मी म्हणते, नाही बाई, ती त्यांनाच चारा घालते. बरं, एक सांग मला. तो इथला डॉक्टर, तो दाढीवाला, म्हणतो की हे माझ्या छातीत झोपले होते. एवढी वर्षं. खरं का?"

"खरं."

"सुवूर झोपतो तसे?"

सुवूर म्हणजे डोंगरउतारावरच्या बिळात बर्फ वितळेपर्यंत पडून राहणारा तो गलेलठ्ठ केसाळ प्राणी. आपाच्या उन्हाळी तळाभोवती त्यांची बिळंच बिळं असत.

"अगदी तसेच. अंगातली चरबी खात पडून राहतात."

"सुवराला थंडीवरून कळतं. ह्यांना कशावरून कळतं?"

"हवेवरून. तुझं शरीर त्यांच्याभोवती भिंत बांधतं. आत हवा पुरेनाशी झाली की त्यांना ते कळतं, मग निजतात. हलत नाहीत, वाढत नाहीत, कुणाला त्रास देत नाहीत."

"म्हणजे माझ्या अंगाने भिंत बांधली." आपाने छातीवर पंजा ठेवला. "चांगली बांधली असली पाहिजे. पन्नास वर्षं टिकली."

"चांगलीच बांधली होती."

"मग पाडली कुणी?"

नुरझातने वाडगा तिच्यापुढे धरला. "वय झालं, आपा."

"वय तर शेजारच्या सालामातचंही झालंय. ती माझ्याहून मोठी, अजून घोड्यावर बसते."

"साखर निघाली ना तुला. साखरेनेही होतं."

आपाचा हात छातीवरून खाली आला आणि गुडघ्यावर थांबला. ती गुडघा चोळू लागली, दुखत नसतानाही चोळावा तसा.

"सुया?" तिने विचारलं.

जिबेक मॉस्कोला गेली त्या वर्षी आपाच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. दीड वर्षाचं पोर धावतं, आणि धावणाऱ्या पोरामागे धावणारं कुणीतरी लागतं. गावातल्या एका बाईकडे सुया मिळत. सुई टोचली की महिनाभर गुडघे कसे तरण्या पोरीसारखे चालत. आपाने त्या बऱ्याच घेतल्या होत्या. त्या औषधाने दुखणं थांबतं आणि शरीराचा पहाराही ढिला पडतो, हे नुरझातला शिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून पाठ होतं. सुया घेतल्याचं मात्र तिला मे महिन्यात कळलं.

"सुयांचा काय संबंध?" नुरझात म्हणाली. "त्या गुडघ्याच्या. छातीपर्यंत कशाला जातील?"

जंतूंच्या बाबतीत ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती. आपाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वाडगा तोंडाला लावला, एक घोट घेतला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

जिबेक शहरात एका तळघरातल्या शिवणखान्यात काम करत होती. नुरझात तिथे गेली ती जेवणाच्या सुट्टीत. पायऱ्यांवर बायका मांसाचे सामसे खात बसल्या होत्या, आणि त्यांच्यापासून थोडी दूर, भिंतीला टेकून, जिबेक. अंगभर सुताचे तुकडे चिकटलेले. नणंदेला पाहताच ती धडपडून उठली, सवयीने. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती तिला एजे म्हणायची.

"एजे, तुम्ही? इथे? आपांना काही...?"

"आपा बरी आहे. बस. मीही बसते."

"थांबा, इथे बसू नका, तेल आहे." तिने आपला रुमाल पायरीवर पसरला.

नुरझातने वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. ती सगळी सोडून तिने सरळ सांगितलं. तुमारला झालं ते तुझ्यामुळे नाही. तुझ्याकडून नाही, मॉस्कोहून नाही. आपाच्या छातीत जुनं होतं, ते उठलं. जंतू ताडून पाहिलेत. शंका नाही.

जिबेक स्कर्टवरचा सुताचा एकेक तुकडा काढून तळहातावर गोळा करत राहिली.

"म्हणजे मी नाही," ती अखेर म्हणाली.

"नाही."

"एजे, आमच्या खोलीत एक बाई होती. खोकायची. ओश शहरातली होती, नावही धड माहीत नाही मला. मी रोज आठवत बसायचे, तिच्या शेजारी मी किती वेळा निजले. तिच्या कपातून चहा प्याले होते का. आणि मग..." तिने मूठ मिटली. "घरी आले त्या दिवशी तुमार मला ओळखेना. आपांच्या मागे लपली. मी ओढून ओढून मुके घेतले तिचे. ती रडत होती तरी. मला वाटायचं, तेव्हाच. त्या मुक्यांनीच."

"नाही गं. नाही."

"मग आणखी मुके का नाही घेतले मी?" जिबेक म्हणाली. "दुसऱ्या दिवशी म्हटलं, नको, पोरगी बिचकतेय. सवय होऊ दे. मी आवरलं स्वतःला."

पायऱ्यांवरच्या बायकांत कशावरून तरी हशा पिकला. आत कुणीतरी शिलाई यंत्र चालू करून पाहिलं आणि बंद केलं.

"आपांना माहीत आहे?"

"नाही."

"सांगणार?"

नुरझातने पायरीवरच्या रुमालाचं दुमडलेलं टोक सरळ केलं.

"तुम्ही नाही सांगणार," जिबेक म्हणाली. तिचा आवाज चढला. "मला सगळ्यांच्या देखत सांगितलं. हातातली किटली खाली ठेवायला लावली. माझं पोर मेलं, आणि रडायलासुद्धा मला त्या घरात जागा नव्हती, एजे. खून करणारी कशी रडेल? मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. एकदा. त्यानंतर त्या मेल्या तरी..." ती थांबली. तोंडावर हात ठेवला. "तौबा. तौबा. असं नव्हतं म्हणायचं मला."

"मला माहीत आहे."

"त्या तिला पाठीवर घेऊन झरा ओलांडायच्या. फोनवर दाखवायचा तालांत." मग एकदम तिने विचारलं, "तुम्ही ताडून पाहिले म्हणजे? तुमारचे जंतू तुमच्याकडे आहेत?"

"आहेत. गोठवून ठेवलेत."

"जिवंत?"

"झोपलेले म्हण. हवा आणि ऊब दिली तर उठतील."

"तिच्या अंगातले."

"जिबेक, तो रोग आहे. तिचं त्यात काही नाही."

"ते कळतं मला. मी शाळा शिकलेय," जिबेक म्हणाली. "पण तिच्या आत होते ना? तिच्या आतलं दुसरं काही कुठे उरलंय?"

जिबेकने मूठ उघडली, सुताचे तुकडे पायरीखाली झटकले आणि उठली. सुट्टी संपली होती. जाताना तिने नुरझातच्या खालचा रुमाल काढून घेतला नाही. "असू दे, एजे," एवढंच म्हणाली.

तालांतला नुरझातने त्याच्या गाडीत सांगितलं. तो आपासाठी टरबूज घेऊन आला होता आणि इस्पितळाच्या फाटकाबाहेर थांबला होता. तिचं बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्याने इंजिन बंद केलं. काचेवर धूळ होती. तो त्या धुळीकडे बघत होता.

"आपाला सांगू नकोस," तो म्हणाला. "तुला माझी शपथ, एजे. ती औषध घ्यायचं बंद करेल. तिला ओळखतेस तू."

"आणि जिबेकला?"

"मी फाटकात उभा होतो तेव्हा," तालांत म्हणाला. "ती म्हणाली होती, तू तरी म्हण. एवढंच म्हणाली होती. तू तरी म्हण की मी नाही."

"मग जा आणि म्हण."

"आता?"

"मग केव्हा?"

त्याने टरबूज तिच्या मांडीवर ठेवलं आणि गाडी चालू केली. मग त्याच्या लक्षात आलं की बहीण अजून आत बसलेली आहे. तो खाली उतरला, तिच्या बाजूचं दार उघडून दिलं, टरबूज परत स्वतःकडे घेतलं, आणि गाडी विसरून, ते हातात घेऊनच काही पावलं रस्त्याकडे चालत गेला.

तो जिबेकला काय म्हणाला, ते नुरझातने विचारलं नाही. सप्टेंबरच्या एका रविवारी फोन आला. "आम्ही येतोय. ती येतेय म्हणते. आपाला फक्त भेटायचंय, काही बोलायचं नाही, असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"जिबेकने."

इस्पितळाच्या मागे सफरचंदांची जुनी बाग होती. उन्हं असली की रोगी तिथे बाकांवर येऊन बसत. आपा टोकाच्या बाकावर बसली होती, डोक्याला पांढरा रुमाल, पायांत लोकरीचे मोजे. अंगाने निम्मी झाली होती. नुरझात तिच्या शेजारी बसून सफरचंद सोलत होती. शेजारच्या बाकावर दोन बायका पत्ते खेळत होत्या.

"तालांत येतोय," नुरझात म्हणाली. "आणि..."

"दिसतंय मला," आपा म्हणाली. "डोळ्यांना काही झालेलं नाही माझ्या."

झाडांच्या रांगेतून दोघं येत होती. तालांत पुढे, दोन्ही हातांत पिशव्या. जिबेक त्याच्या मागे, डोक्याला रुमाल बांधलेली, सासरी येताना बांधतात तसा. बाकापासून चार हातांवर ती थांबली आणि कमरेत वाकून तिने सासूला मुजरा केला. लग्नानंतर रोज सकाळी करायची तसा. आपाने त्यावर आशीर्वाद द्यायचा असतो. तिने नुसती मान हलवली, एकदा, मग पुन्हा.

जिबेक पुढे आली आणि आपाच्या जवळ, बाकाच्या रिकाम्या टोकाला बसली.

"तिथे नको," आपा म्हणाली.

जिबेक चटकन उठली. तालांतने पिशव्या खाली ठेवल्या. "आपा!" तो म्हणाला.

"तू गप्प बस." आपाने तोंड वर केलं, डोळे किंचित मिटले. डोंगरात तळ ठोकायच्या आधी ती अशीच उभी राहून गालावर वारा जोखायची. मग तिने हाताने नुरझातला उठवलं आणि ती जागा जिबेकला दाखवली. "इकडे ये, पोरी. ह्या बाजूला बस. वारा इकडून येतोय."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. शेजारच्या बाकावरची बाई पान टाकता टाकता थांबली.

"आपा, अगं आता तुझ्यापासून कुणालाच काही होत नाही," नुरझात म्हणाली. "दोन महिने झाले. डॉक्टरांनी सांगितलंय तुला."

आपाने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. ती जिबेककडे बघत होती. जिबेक आपल्या नणंदेकडे बघत होती. तुम्ही सांगितलंत? असं त्या नजरेत होतं. नुरझातने हळूच मान हलवली. नाही. कुणीच नाही.

जिबेक वळसा घालून त्या बाजूला आली आणि बसली. तिच्या रुमालाची टोकं वाऱ्याने सासूच्या दिशेने उडत होती. आपाने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"मी तिला चावून भरवायचे," आपा म्हणाली. "मांस. तिला चावता येत नव्हतं ना. मी आधी चावायचे, मऊ करायचे, आणि मग तिच्या तोंडात."

चावण्याने तसं होत नाही, श्वासाने होतं. नुरझातच्या ओठांवर ते आलं होतं. ती हातातल्या अर्ध्या सोललेल्या सफरचंदाकडे बघत राहिली.

"माहीत आहे मला, आपा," जिबेक म्हणाली. "तुम्हीच फोनवर सांगितलं होतं. तुमार मांस खायला लागली म्हणून." तिने वाऱ्यावर उडणारी रुमालाची टोकं मुठीत धरली. "मी मॉस्कोच्या खोलीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं तेव्हा. चहा पाजला होता सगळ्यांना."